रिपोर्ट येईपर्यंत

माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम मशीनवरचं नव्हतं, फोनवरचं होतं.

मी स्तनांचे एक्स-रे काढणारी टेक्निशियन. शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात माझी सगळी नोकरी झाली. या तपासणीला मॅमोग्राफी म्हणतात. आमच्याकडं येणाऱ्या बायका तिला ‘ती दाबायची तपासणी’ म्हणायच्या आणि ते काही चूक नव्हतं. दोन पट्ट्यांच्या मध्ये स्तन ठेवायचा, वरची पट्टी खाली आणायची, श्वास रोखायला सांगायचा, बटण दाबायचं. मग तेच दुसऱ्या बाजूनं. कळ येते, पण लवकर सरते. पट्टी गार लागू नये म्हणून मी आधी तिच्यावर माझे तळहात ठेवून ती जरा कोमट करून घेत असे. एक निवृत्त मुख्याध्यापिका मला म्हणाल्या होत्या, “बाई, या मशीनचा शोध लावणारा पुरुषच असणार.” मी म्हटलं, “श्वास रोखा, बोलू नका.” त्या हसल्या, फोटो हलला, परत काढावा लागला.

फोटो काढायचं काम माझं, वाचायचं डॉक्टर मॅडमचं. त्या पडद्यासमोर बसून एकेक फोटो मोठा करून बघत. एखाद्यात काही अंधूक दिसलं की चष्मा काढून म्हणत, “सुजाता, यांना परत बोलाव.” मग मी फोन करायची. हे काम माझ्याकडं कुणी दिलं नव्हतं. रिसेप्शनवरच्या मुलीनं फोन केला की बायका यायच्या नाहीत आणि मी केला की यायच्या, एवढंच कारण.

परत बोलावलं म्हणजे आजार सापडला असं नसतं. कधी फोटो नीट आलेला नसतो, कधी एकावर एक थर आल्यानं गाठीसारखं दिसतं, कधी नुसती पाण्याची पिशवी असते. परत बोलावलेल्यांतल्या बहुतेक जणी मोकळ्या होऊन घरी जातात. पण हे ज्ञान फोन कानाला लावलेल्या बाईच्या काही कामाचं नसतं. ‘परत या’ म्हटलं की पुढचं तिला ऐकूच येत नाही. ‘घाबरू नका’ हे शब्द तर मी फार लवकर सोडून दिले. ते ऐकल्यावर माणूस आधी घाबरतं. त्यापेक्षा मी पुढं काय होणार ते सांगायची. आधी परत एक फोटो, मग सोनोग्राफी, गरज वाटली तर सुईनं तपासणी. पोटभर खाऊन या. सोबत कुणाला तरी आणा, कारण घाबरलेल्या कानांना अर्धंच ऐकू येतं. आणि मोबाईलवर काही शोधत बसू नका. हे शेवटचं कुणीच ऐकत नसे.

देवगाव रंगारीला आमची तपासणीची गाडी गेली होती. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी शिबिर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी फोटो बघताना डॉक्टर मॅडमनी एका फोटोपाशी चष्मा काढला. बाईचं नाव मंदा. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. मी फोन लावला, तिनंच उचलला. मागं शेळी ओरडत होती.

“मी रुग्णालयातून बोलतेय. तपासणीचं बोलायचं होतं,” मी म्हटलं.

“थांबा मॅडम, जरा लांब जाते.” ती बराच वेळ चालत राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग म्हणाली, “आता बोला. आता हितं कुणी नाय.”

ती एकटीच आली. निळं नेसूचं, हातात कपड्यांची पिशवी. परत फोटो काढला, सोनोग्राफी झाली. डॉक्टर मॅडमनी तिला सांगितलं की गाठ आहे, बहुतेक साधीच वाटते, पण खात्रीसाठी सुईनं छोटासा तुकडा काढून तपासावा लागेल. जागा बधिर करून तो काढला. मी तिचा हात धरला होता. तुकडा प्रयोगशाळेत जातो, तिथं सूक्ष्मदर्शकाखाली तो बघतात आणि रिपोर्ट यायला आठवडाभर लागतो, हे मी तिला समजावून सांगितलं.

“आठवडाभर मी घरी नाय ऱ्हाऊ शकत,” ती म्हणाली.

“का?”

“सासूबाईंना माझ्या तोंडाकडं बघूनच कळंल. आन् एकदा कळलं की गावात फिरंल. माझी पोरगी बारावीला हाय, मॅडम. पुढं तिला बघायला येतील. आईला असली बिमारी म्हणलं तर कोण करील तिला?” मग खाली बघत म्हणाली, “घरी मी सांगितलंय, बचत गटाचं शिवणाचं ट्रेनिंग हाय, ऱ्हायची सोय तिथंच हाय.”

“आणि राहणार कुठं आहात?”

“ते नाय ठरवलं.”

हे तिनं इतक्या सरळपणानं सांगितलं की मला हसू आलं. मग तीही हसली आणि हसता हसता रडायला लागली.

माझे यजमान जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मुलगी पुण्यात नोकरीला. मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत मी एकटी. मी डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “घर तुझं, मर्जी तुझी. रिपोर्ट चांगला आला तर तूच सांग. दुसरं काही आलं तर तिला माझ्याकडं घेऊन ये. तू एकटीनं सांगू नकोस.”

संध्याकाळी तिला घेऊन घरी आले. दारातून आत येताना तिनं शोकेसवरची बुद्धमूर्ती बघितली. माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आमची वस्ती तिच्या गावात कुठल्या बाजूला असते हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती क्षणभर उंबऱ्यापाशी उभी राहिली. मग तिनं पिशवी खाली ठेवली, स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, “ताई, पीठ कुठंय? भाकरी मी थापते. तुम्ही दमून आलाव.”

त्या घरात भाकरी थापल्याचा आवाज बऱ्याच काळानं झाला. एकटीसाठी मी पोळ्या विकत आणायची.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी तिला किल्ली दिली आणि एक गोष्ट ठरवून टाकली. “हे बघ मंदा, तू दिवसभर माझी वाट बघशील आणि मी आले की माझ्या तोंडाकडं बघत बसशील. मी दमलेली असले तरी तुला वाटेल, काहीतरी लपवतेय. म्हणून मी चप्पल काढायच्या आधी दारातच सांगेन, आलं की नाही आलं. तेवढं झालं की त्या दिवसापुरता विषय संपला.”

“व्हय,” ती म्हणाली. “आन् खोटं बोलायचं नाय.”

“नाही बोलणार.”

रोज संध्याकाळी मी दारातून म्हणायची, “नाही आलं.” ती म्हणायची, “बरं.” मग चहा.

तिचा दिवस जाता जायचा नाही. तिनं माझे पडदे धुतले. डबे घासले. गच्चीवर चढून टाकी साफ केली, सुईच्या जागी जोर पडू नये म्हणून सगळं एका हातानं. मी रागावले तर म्हणाली, “हात रिकामा ऱ्हायला की तो गाठ चाचपाया जातो. मंग दुखाया लागतं. मंग वाटतं, दुखतंय म्हंजे तेच असंल.” रुग्णालयात इतक्या जणी भेटल्या, पण हे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी बायकांना सांगत आले की गाठ पुन्हा पुन्हा चाचपू नका, हाताला दुसरं काहीतरी द्या.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन यायचा. “काय शिकलीस आज?” ती माझ्याकडं बघत म्हणायची, “काज करायला शिकले.” दुसऱ्या दिवशी, “हुक लावायला शिकले.” फोन ठेवला की आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. मला स्वतःला साधं बटण लावता येत नाही.

मी पहाटे बुद्धवंदना म्हणायची तेव्हा ती मागं येऊन बसायची. तिनं कधी काही विचारलं नाही. एकदा मात्र म्हणाली, “तुमचा आवाज ऐकला की पोटातलं जरा खाली बसतं.”

मग प्रयोगशाळेतून निरोप आला की तुकड्याला आणखी एक रंग देऊन बघायचाय, उशीर होईल. असं पुष्कळदा होतं, त्यात काही विशेष नसतं. पण ते दारात उभं राहून सांगताना मला माझाच आवाज ओळखू येईना. मंदा ‘बरं’ म्हणाली नाही. तिनं विचारलं, “चांगलं असतं तर कशाला परत रंगवलं असतं?” मी समजावलं. तिनं ऐकलं. मान हलवली. तिला पटलेलं नाही हे मला दिसत होतं.

पुढच्या संध्याकाळी घरी आले तर दाराला कुलूप. फोन लावला तर तो घरातच वाजत होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “त्या पावणीबाई स्टेशनकडं गेल्या.”

मुकुंदवाडीचं स्टेशन लहान. थोड्याच गाड्या थांबतात. मी चालत सुटले. धावता येत नव्हतं आणि चालवतही नव्हतं. मनात काय काय आलं ते इथं लिहीत नाही. प्लॅटफॉर्मवर पोचले तर एका बाकड्यावर, भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांच्या शेजारी ती बसलेली. मांडीवर कुणाचं तरी पोर झोपलेलं.

मी तिच्याशेजारी बसले. बोलायला दम नव्हता. तीच म्हणाली, “ताई, घरात मी एकटीच वाट बघते. हितं समदेच कशाची ना कशाची वाट बघतात. बरं वाटतं.”

पॅसेंजर आली. पोराची आई पोर उचलून, पाटी डोक्यावर घेऊन चढली. पोरानं मंदाचा पदर मुठीत धरला होता, तो सोडवावा लागला. गाडी गेली, प्लॅटफॉर्म मोकळा झाला. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथंच बसलो. तिनं तिच्या आईचं सांगितलं, मी माझ्या यजमानांचं. ते गेल्यावर मी कुणाला इतकं सांगितलं नव्हतं. पुढं रोजच आम्ही चहा पिऊन तिथं जाऊन बसायला लागलो. दोघींनाही कुठं जायचं नव्हतं.

रिपोर्ट आला तेव्हा भर दुपार होती. डॉक्टर मॅडमनी वाचला आणि नुसतं “जा” म्हणाल्या. मी रिक्षा केली. मंदा दारातच मेथी निवडत बसली होती. अवेळी मला बघून तिचे हात थांबले.

“आलं,” मी म्हटलं. “साधी गाठ आहे. कॅन्सर नाही.”

मला वाटलं होतं ती रडेल, मिठी मारेल. ती बसूनच राहिली. मांडीवरची मेथीची पानं एकेक करून ताटात ठेवली. मग म्हणाली, “मंग आता जावं लागंल.”

“हो.”

“एवढी भाजी करून जाते.”

सकाळी बसस्थानकावर तिला गावाकडं जाणाऱ्या कन्नडच्या गाडीत बसवलं. खिडकीतून ती म्हणाली, “ताई, तुमचे पाय धरायचे ऱ्हायले.” मी म्हटलं, “वेडी आहेस का?” गाडी हलली. त्या सकाळी मी कामावर वेळेत गेले, फोटो काढले, फोनही केले. मला आनंद झाला होता, अगदी मनापासून. आणि तरी संध्याकाळी घरापाशी आले, कुलूप काढलं आणि सवयीनं दारातूनच म्हणाले, “नाही आलं.” आत कुणी नव्हतं.

तिचं सगळं ठीक निघावं म्हणून मी रोज मनात जे म्हणत होते ते खरं झालं होतं, आणि त्यामुळंच ती गेली होती. आमच्या कामात हे असंच असतं. जिचं चांगलं होतं ती परत येत नाही. यायचं कारणच उरत नाही तिला. सहा महिन्यांनी ती तपासणीला आली, पण परतीची गाडी धरायची होती. उभ्या उभ्या चहा घेतला. त्यानंतर एकदा आली. मग फोनवर, मग सणासुदीला, मग तेही कमी झालं. मी रागावले नाही. संध्याकाळी चहाचं आधण ठेवताना मात्र पाणी दोन कपांचंच पडायचं.

काही वर्षांनी अचानक फोन. “ताई, पोरीचं लग्न ठरलं. तुम्हाला यावंच लागंल.” मग जरा थांबून, “पण...”

“पण काय?”

“शिवणाच्या मॅडम म्हणून.”

मी गेले. तांबड्या काठाची नवी साडी घेतली त्यासाठी. देवगावात मांडवाच्या दारात मंदा दिसली. जरा भरलेली, कपाळावर मोठं कुंकू. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता धावत येऊन गळ्यात पडेल. ती आली, पण मध्येच पावलं आवरली आणि मोठ्यानं म्हणाली, “या मॅडम! अहो, ह्या आमच्या शिवणाच्या मॅडम.” तिच्या नवऱ्यानं हात जोडले. म्हणाला, “मॅडम, राग मानू नका, पण तुमचं ट्रेनिंग काय कामाचं नाय. हिनं अजून एक बलाऊज शिवला नाय.” सगळे हसले. मीही हसले. एका बाईनं मला बाहीचं माप विचारलं, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले.

अक्षता पडल्या. पंगतीत मी अनोळखी बायकांत बसून जेवले. मंदा वाढायला आली, माझ्या पानात आग्रहानं वाढलं आणि पुढं सरकली. तिच्याही हातात काही नव्हतं, हे मला कळत होतं. तरी दुपारच्याच गाडीनं निघायचं मी ठरवलं.

निघताना ती आली, माझा हात धरला आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथं लाडवांच्या पाट्यांशेजारी एक साठीची बाई बसली होती. मंदाची मोठी नणंद. मंदानं दार लोटलं.

“सकाळी आक्कांना लुगडं नेसवताना मला दिसलं,” ती मला म्हणाली. “छातीची कातडी आत ओढल्यागत झालीया. गाठ हाय. म्हणतात, दुखत नाय म्हणून कुणाला सांगितलं नाय.”

आक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, “शिवणाच्या बाईला कशाला सांगती गं हे?”

“आक्का, ह्या शिवणाच्या मॅडम नायत. ह्या छातीची तपासणी करत्यात. मी तवा शिवण शिकाया गेलेच नव्हते. मला गाठ होती. सुई घालून तुकडा काढला माझा. रिपोर्ट येईपर्यंत मी ह्यांच्या घरी होते. ह्यांच्या घरचं खाल्लं, ह्यांच्या घरी झोपले.”

बाहेर सनई चालू होती. मुलीची पाठवणी अजून व्हायची होती. आक्कांनी लोटलेल्या दाराकडं बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “आन् हे तिच्या सासरच्यांना कळलं म्हंजे?”

“कळू द्या,” मंदा म्हणाली. “तुम्ही सोमवारी ह्यांच्याकडं जायचं. मी येते संगं.”

मी मशीनवर इतकी वर्षं काढली, पण इतकं धाडस मी फार कमी वेळा बघितलंय.

आक्का आल्या. तपासणी झाली, तुकडा काढला. मी आदल्या दिवशीच दोन गाद्या उन्हात घालून ठेवल्या होत्या, ज्वारीचं पीठ दळून आणलं होतं. पण आक्कांचा मुलगा वाळूजला कंपनीत होता, त्याची खोली होती. दोघी तिकडं गेल्या. मी म्हटलं, “हो, तेच बरं.” तेच बरं होतंही. घरी जाऊन मी गाद्या परत माळ्यावर टाकल्या.

आक्कांचा रिपोर्ट चांगला नव्हता. डॉक्टर मॅडमनी त्यांना सगळं शांतपणानं सांगितलं: काय आहे, काय करता येतं, आधी काय करायचं. मंदा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली होती आणि प्रत्येक वाक्य त्यांना पुन्हा सांगत होती, आपल्या बोलीत. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. आक्का आज आहेत. शेतात जात नाहीत, पण जाणाऱ्यांना काय करायचं ते बसल्या जागी सांगतात, असं ऐकते. मंदाच्या मुलीच्या सासरी कळलं. काही दिवस तोंडं वाकडी झाली. मग त्या सासूबाईच आमच्याकडं तपासणी करून गेल्या.

त्या रिपोर्टच्या दिवशी आक्का ऑपरेशनची तारीख घ्यायला गेल्या तेव्हा मंदा बाहेर पॅसेजमध्ये माझ्यापाशी थांबली. बायका येत-जात होत्या. तिनं माझा पदर नीट केला, तो नीटच होता.

“ताई, एकदा तुमच्याकडं यायचंय,” ती म्हणाली. “काही नसताना. मला काही झालेलं नसताना, कुणालाच काही झालेलं नसताना. चार दिवस. नुसतंच.”

“ये,” मी म्हटलं.

मग मी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, फोनही चांगला करते म्हणतात. मंदाला नातू झाला, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, एक वर्ष पाऊस नव्हता, एक वर्ष फार होता. दर वेळी काहीतरी असतं. मीही तिकडं जाऊन येऊ शकते, गेलेही एकदा, घरभर माणसं होती, आम्हा दोघींना बोलायला मिळालं नाही. तिला ते चार दिवस का हवेत ते मला माहीत आहे. मलाही तेच हवेत.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. शेतात अद्रक आहे, तेवढं काढून झालं की येते म्हणाली.

मी म्हटलं, “ये. पीठ दळून ठेवते.”